डुकराचं दळण

आबा, तुमच्या गिरणीत आता डुकराचा खुराक दळतात. हे पयलंच सांगून टाकते. तुमाला जे काय वाटायचं ते वाटून जाऊ दे, मग म्होरलं ऐका. तुमाला जाऊन सत्तावीस वर्सं झाली, आई तुमच्या माघारी तीन वर्सांनी गेली, म्हंजे मला जे इचारायचं हाय त्येचं उत्तर देणारं कुणी उरलं न्हाई. तरी लिवते. जित्तेपणी तुमच्याशी बोलाय गेलं की तुमी निम्म्यातच उठून इंजनाकडं जायचा. कागदाम्होरनं तुमाला उठून जाता येणार न्हाई. मी पत्र लिवणारी बाई न्हवं, सातवीत शाळा सुटली ती सुटली, आन घरातल्यांना वाटतंय मी किराणा सामानाची यादी करतीया. वाटू दे.

इचारायचं एवढंच हाय, की त्या म्हातारीचं दळण तुमी सैल दगडावर का दळायचा? गावाबाहीर वड्याच्या काठाला जी डुकरंवाली म्हातारी ऱ्हायाची, ती. लहानपणी मला वाटायचं की ह्येचं उत्तर मला ठाऊक हाय, आन त्या उत्तरावर मी जलमभर तुमचा संशय घेतला. गेल्या म्हयन्यात दुसरंच उत्तर घावलं. पर ते घावायच्या आदी एका माणसाला मी चोर ठरवून घालवला आन दोन डुकरं मेली. आज चारच्या यष्टीनं त्यो माणूस परत येतोय का न्हाई, ह्येची वाट बघत गिरणी बंद ठेवून बसले. तवर लिवून होईल.

तवा इंजन व्हतं, त्येचा पुक् पुक् आवाज वड्यापतूर जायाचा. सगळ्यांचं दळण झालं की ती म्हातारी यायची आन पायरीच्या खाली उभी ऱ्हायाची. तिच्या गठुळ्यात काय असायचं? खळ्यावरलं झाडून आणल्यालं, किडकी ज्वारी, फुटका मका, कवा कवा निम्मी माती. तुमी चाक फिरवून दगड सैल करायचा. मूठभर दळून बाहीर न्यायचा आन तिला दावायचा. ती बोटात चोळून मान हलवायची. तुमी आत यायचा, चाक वाईच फिरवायचा, परत मूठ घिऊन बाहीर. कवा कवा तीन खेपा व्हायच्या. मी पिठाच्या डब्यांमागं उभी राहून बघायची. मला वाटायचं, तुमी तिची थट्टा करताय. दुसऱ्या बायकांना तुमी कवा मूठ दावली न्हाई, त्यांचं पीठ थेट डब्यात. मग हिलाच का? आन शेवटाला तिच्या फडक्यात पडायचं ते पीठ न्हवंच, नुसता भरडा. दळणावळ मातर सगळ्यांएवढीच घ्यायचा. मी बारा वर्सांची. शाळंत गुरुजी सगळी माणसं सारखी म्हणून शिकवत व्हते, आन घरात माजा बाप गावाबाहीरच्या म्हातारीला भरडा देऊन डिझेल वाचवत व्हता. मी तसंच समजले.

एक दिस तुमी आईला घिऊन मिरजंला दवाखान्यात गेला, गिरणी माज्यावर टाकून. म्हातारी आली. मी दगड गच्च आवळला. असं पीठ पाडलं की पाटलाच्या घरातबी तसं जात नसंल. तिनं फडक्यात हात घातला आन म्हणाली, 'पोरी, तुजा बा न्हाई का?' मी म्हणाले, आज चांगलं दळून दिलंय, ने. ती नेऊ का नगं करत उभीच ऱ्हायली, मग गेली. मला वाटलं, म्हातारीला भरून आलं. दुसऱ्या दिवशी तेच गठुळं घिऊन ती परत आली, पायरीवर तुमच्याशी हळू आवाजात कायतरी बोलली. तुमी उठला, आपल्या कणगीतली ज्वारी मापून काढली, सैल दगडावर दळली आन तिला दिली. तिचं बारीक पीठ ठेवून घेतलं. आईला म्हणाला, ह्येच्या भाकरी कर, हिला घाल. तीन दिस मी ती भाकर खाल्ली, आबा. दाताखाली खडं, तोंडात कडू, किडक्या दाण्याचा वास. तुमी मारलं असतं तर मी इसरले असते. तुमी एवढंच म्हणाला, 'चांगुलपणा करायचा तर आपल्या कणगीतनं करावा. दुसऱ्याच्या डुकरावर करू नये.' मला वाटलं, म्हातारीला गेल्यालं पीठ तुमच्या जिवाला लागलं. तवापास्नं मी तुमच्या मापाकडं डोळं लावून बसायला शिकले. मी एकलीच म्हणून तुमी घरजावई केला, गिरणी माज्या हातात दिली, तवाबी मला वाटलं की ह्यात तुमचाच कायतरी डाव हाय. शेवटी तुमी खाटंवर व्हता तवा इचारायचं व्हतं. न्हाई इचारलं.

आता हिकडलं सांगते. तुमचा नातू, माजा ल्योक, फौजेतनं हवालदार होऊन पेन्शनीत आला. त्येची ड्यूटी आसामाकडं व्हती, तिकडं घरोघरी डुकरं पाळत्यात म्हणं. आला आन म्हणाला, आये, शेड बांधायची. मला वाटलं शेळ्यांची. शेड झाल्यावर टेंपोतनं उतरली ती पांढरी फेक, गुलाबी कानाची इलायती डुकरं. ह्येला कुणीतरी टोपी घातली, ही माजी पयली शंका. गावाची शंका निराळी. हळदीकुंकवाला बायका माज्या शेजारी बसायच्या आदी पदर आवरून घ्याय लागल्या, जशी मीच कळपातनं उठून आले. शेडवर कामाला माणदेशातलं एक जोडपं ठेवलं. धनगराचं घर, त्येच्या बापआज्यानं मेंढरंच राखल्याली. त्यो चाळिशीचा, बोलायला कमी, आन त्येची बायको त्येच्यापरास कमी. शेडच्या कडंला पत्र्याच्या खोलीत ऱ्हायाची दोघं. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला पयल्यापास्नं इश्वास न्हाई. हे तुमच्यावरनंच शिकले.

पयलं सा म्हयनं खुराकाचा मका बाजारातनं भरडून यायचा. एक दिस नातू तुमचा डबड्यात कायतरी घिऊन आला. शेडमधली घाण चाळणीत धुऊन घेतल्याली. 'बघ आये,' म्हणाला. मक्याचं तुकडं, जसंच्या तसं. तोंडातनं गेलं आन मागनं आलं. म्हणाला, लय मका आपुन डुकरातनं नुसता फिरवून आणतोय. मला वाटलं, व्यापारी जुना मका खपवतोय. तर म्हणाला, मका चांगला हाय, भरडा मोठा हाय. तुकडा मोठा असला की पोटातला रस त्येच्या आतपतूर पोचत न्हाई, वरनं वरनं चाटून सोडतो. मका बारीक केला की सगळीकडनं रस लागतो आन अंगी लागतं. हे त्येनं मोबाईलवर बघितल्यालं, म्हणून मी मानलं न्हाई. पर डबड्यातलं मानावं लागलं. मी म्हणाले, व्यापाऱ्याला सांग, अख्खा मका दे. दळायचं मी बघते.

गिरणीची अवस्था तुमाला सांगितली न्हाई. घरोघरी छोट्या चक्क्या आल्या, दुकानात पिठाच्या पिशव्या आल्या. आठवड्यातनं चार डबं दळण यायचं, बाकीचा येळ दगडावर पोतं टाकून ठेवायचं. कट्ट्यावर मातर माणसं बसायची, पाच ठरल्याली म्हातारी, पेपर वाचाय आन गावाची उणीदुणी काढाय. त्यांचं गिरणीशी काय काम न्हाई, सावलीशी काम. पयली पोती आली, मोटार चालू केली आन पट्टा फिराय लागला, तवा पाची जणांनी एकदम माना वळवल्या. एकानं इचारलं, काय गं, घरात लगीन काढलं का? म्हणाले, डुकराचं दळण हाय. तोंडं वाकडी झाली, पर सावली सोडून कोण उठलं न्हाई. आबा, त्या दिशी अंगावर पीठ उडालं, किती वर्सांनी. घरी जाऊन मी लवकर हातपाय धुतलं न्हाईत.

मग मी दळायचं म्हणून दळलं. अमावस्येला गिरणी बंद ठेवून दगडाला टाकी लावून खाचा पाडायची तुमची रीत मी मोडली न्हाई. टाकी लावली, दगड आवळला. पीठ अंगठ्यात आन बोटात धरून चोळायचं, बोटाच्या रेघा त्यात उमटल्या पायजेत, हे तुमचंच. कापडाच्या बाहीतनं धुरावाणी पीठ पडाय लागलं, गरम, मऊ, भाकर थापली तर कड फाटायची न्हाई. पंधरा दिसात शेडमधली घाण नितळ झाली, दाणा औषधाला सापडंना. डुकरं भरली. नातू म्हणाला, खुराक तेवढाच हाय आन अंग धरत्यात. मी म्हणाले, दळणाऱ्यानं दळावं आन व्यापाऱ्यानं व्यापार करावा. आठवडाभर हेच वाक्य मी चारदा म्हणाले असंन.

एका सकाळी माणदेशी पोती न्याय आला. पिठाची मूठ घेतली आन ती तशीच धरून उभा ऱ्हायला. म्हणाला, 'आये, लय बारीक पडतंय. गव्हाणीत चिकटून बसतंय, डुकरं शिंकत्यात. वाईच सैल सोडा की.' मी म्हणाले, 'चाळीस वर्सं दळतीया. मेंढरं राखणाऱ्यानं मला दगड शिकवू नगं.' कट्टा हसला. त्यो हसला न्हाई आन रागावलाबी न्हाई, पोती उचलून गेला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. मी इचार करत बसले, ह्येला सैल दळण कशाला पायजे? सैल दळण लवकर व्हतं, लवकर मोकळं व्हायचं असंल. न्हायतर भरड्यात काय बी मिसळता येतं.

म्हयन्याभरानं एक डुकरीण खाईना. दात खात एका जागी उभी ऱ्हायाची. कान गुलाबी असतो त्यो कागदावाणी झाला. घाण काळी, डांबरासारखी. एका दुपारी बसली ती उठली न्हाई. नातू म्हणाला, ऊन लागलं असंल. मी म्हणाले, कुणीतरी इष घातलं. कुणी ते मला सांगता येईना, पर ऊन एकट्या डुकरिणीलाच कसं लागंल? शेजारच्या शेतवाल्यावर इचार केला, व्यापाऱ्यावर केला, पदर आवरणाऱ्या बायकांवरबी केला. आन तवाच ध्यानात आलं, की टेंपोतनं मक्याची दहा पोती उतरत्यात आन माज्याकडं नऊ येत्यात. दर खेपंला नऊ. शेडपास्नं गिरणीपतूर पोती आणणारा एकच माणूस.

दोघं शेड धूत व्हती तवा मी त्यांच्या खोलीवर गेले. कुलूप न्हवतं. मनात म्हणाले, चोर हुशार हाय, शंका येऊ नये म्हणून कुलूप लावत न्हाई. कुलूप असतं तर त्येच्या उलटं म्हणाले असते, हे आता लिवताना कळतंय. आत गोधडीखाली अर्धं पोतं निघालं. भरडल्याला मका. शेजारी जातं, त्येच्या तोंडाला पिवळा चुरा.

दुसऱ्या सकाळी त्यो पोती घिऊन आला, बायको संगं व्हती. मी ते अर्धं पोतं कट्ट्याम्होरं ओतलं. इचारलं, ह्यो मका कुणाचा? म्हणाला, शेडचा. मग तुज्या गोधडीखाली कसा? म्हणाला, 'डुकरांसाठनं हाय, आये.' कट्ट्यावरनं एक जण म्हणाला, 'डुकरं काय ह्येच्या गोधडीत झोपत्यात व्हय?' सगळी हसली. तवा त्येची बायको म्होरं आली. इतक्या दिसात मी तिचा आवाज धड ऐकला न्हवता. तळहात माज्याम्होरं धरून म्हणाली, 'जातं फिरवून फोड आल्यात, आये. इकायचाच असता तर अख्खा इकला असता. भरडत कशाला बसले असते?'

उत्तर नसलं की माणूस मोठ्यानं बोलतो, तशी मी बोलले. कोंबड्यांवाल्याला भरडाच लागतो, म्हणाले. मेल्या डुकरिणीचंबी त्येच्यावर घातलं. खाली बसून त्येनं सगळा मका परत पोत्यात भरला, एक दाणा मागं न ठेवता, आन पोतं माज्या उंबऱ्याला टेकवलं. सकाळच्या यष्टीनं दोघं गेली. नातू म्हणाला, 'आये, फौजेतबी आदी इचारत्यात, मग शिक्षा.' मी म्हणाले, इचारलंच की. मग चार दिस त्यो स्वता शेड धूत ऱ्हायला.

पाचव्या दिशी दुसरी डुकरीण गेली. तशीच, कागदी कानाची. आता मातर माणदेशी न्हवता. नातवानं वळखीची जनावरांची डॉक्टरीण बोलवली, खंडाळ्याकडची, तशी पोरगीच. तिनं ताडपत्रीवर डुकरीण फाडली. मी म्होरंच उभी व्हते, इष निघालं तर माज्या डोळ्यांनी बघायचं व्हतं. तिनं पोटाची पिशवी उघडून दावली. घास जिथनं आत उतरतो तिथंच, तोंडाजवळ, खड्डा पडल्याला, आन पिशवीभर गोठल्यालं रगात. मग तिनं गव्हाणीतलं पीठ अंगठ्यात आन बोटात धरून चोळलं, आबा, अगदी तुमच्यावाणी. इचारलं, हे कोण दळतं? म्हणाले, मी. ती म्हणाली, 'भाकरीला झकास हाय, मावशी.' हसून म्हणाली न्हाई.

मग तिनं सांगितलं ते मी माज्या भाषेत लिवते. खुराक वाईच भरडा असला की पोटात त्येचा थर बसतो, वरचा वर आन खालचा खाली. पोटातला आंबट रस खाली ऱ्हातो, तिथली कातडी त्येला टिकते. पार पीठ घातलं की पोटात नुसती पातळ पेज व्हते, ती ढवळती, आन आंबट रस वरच्या नाजूक भागाला जाऊन लागतो. रोज लागला की तिथं जखम. मी म्हणाले, आवो बाई, मोठं केलं तर मागनं जातंय, बारीक केलं तर पोट जळतंय, मग डुकरानं खायाचं तरी काय? म्हणाली, मधलं. बारीक रव्यावाणी, आन दर खेपंला हातात घिऊन बघायचं. मला हे सगळं पटलं न्हाई. शिकल्याली माणसं हात झटकायला कायबी सांगत्यात. इष तिला सापडलं नसंल, म्हणून माज्या दगडावर ढकलतीया, असं मी मनात धरलं.

पर जाता जाता ती कडंच्या खणाम्होरं थांबली. तिथं तीन गाभण डुकरिणी, कान गुलाबी, नाकं गव्हाणीत. तिनं इचारलं, ह्यांना काय येगळं घालता? नातू म्हणाला, काय न्हाई, सगळ्यांना तेच. त्या खणाच्या मागं पत्र्याचा डबा व्हता, वर फरशी ठेवल्याली. मी फरशी काढली. आत भरडा. जात्यावरचा भरडा वळखू येतो, आबा, दगडी गिरणीसारखा एकसारखा नसतो. एक दाणा मोठा, एक बारीक, हात दमला की आणखी मोठा. मी मूठ भरून घेतली आन गिरणीवर आले. उंबऱ्याला टेकवल्याल्या पोत्यात हात घातला. त्योच.

दर खेपंचं दहावं पोतं गाभण डुकरिणींच्या पोटात जात व्हतं. सगळ्या शेडचं जात्यावर दळणं त्येच्या बायकोला झेपणारं न्हवतं, म्हणून ज्या तीन वाचवायच्या त्या वाचवल्या. मला सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई, म्हणून माज्यापास्नं चोरून वाचवल्या.

तवा मला तुमच्या तीन खेपा आठवल्या. मूठ बाहीर न्यायची, तिला दावायची, ती मान हलवणार, परत आत यायचं. तुमाला कुठलं ठाऊक असणार, आबा? तुमी दुसरी पास. डुकराच्या पोटात काय व्हतं हे तुमाला ठाऊक असायचं कारण न्हाई. तुमी तिला इचारत व्हता. डुकरं तिची, म्हणून दळण किती सैल ते ती ठरवणार. आन ती दुसऱ्या दिशी पायरीवर हळू आवाजात काय बोलली असंल तेबी आता कळतंय. सगळा गाव जिला पायरीखाली उभं करत व्हता, तिला तुमी इचारायचा. हे मला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मला वाटतं, तुमाला ह्यात सांगण्यासारखं काय वाटलंच न्हाई. का तुमी खरंच डिझेलबी वाचवत व्हता? थोडं वाचवत असणार. तुमाला मी वळखते.

परवा मी माणला जाऊन आले, एकटी, दहिवडीपतूर यष्टी आन म्होरं वडापच्या जीपनं. नातू संगं येतो म्हणाला, नगं म्हणाले. नव्या दळणाची पुरचुंडी पदराला बांधली व्हती. माणदेशी भावाची मेंढरं घिऊन एका उघड्या रानात उभा व्हता. मला बघून सामोरा आला न्हाई, तिथंच थांबला. पुरचुंडी सोडली, त्येच्याम्होरं धरली, म्हणाले, बघ. त्येनं चोळलं, चिमूटभर तोंडात टाकून चावलं, थुकला. 'आजून वाईच सैल,' म्हणाला. मी म्हणाले, करते. येतोस का? त्यो मेंढरांकडं बघत म्हणाला, 'पाच जणांम्होरं बोललासा ते त्याच पाच जणांम्होरं सांगा, आये. मी असताना न्हवं. मी नसताना. मग यीन.' बघा, माज्यापरास संशयी निघाला. तोंडावर कुणीबी गोड बोलतं, हे त्येला ठाऊक हाय. त्येच्या बायकोनं घरी च्या दिला. हात मी मागून बघितला. फोड वाळल्यात, वर कातडी जाड झालीया. तिनं हात मागं घेतला न्हाई.

आज सकाळी कट्ट्यावर सांगितलं. पेपर खाली ठेवा म्हणाले. पोतं त्येनं डुकरांसाठनं न्हेलतं, चोरी न्हवती. दोन डुकरं माज्या दळणानं मेली. मला कळलं न्हाई. एक जण म्हणाला, म्हंजे डुकरं गोधडीत झोपत न्हवती तर. कोण हसलं न्हाई, तसा त्येनं परत पेपर तोंडाम्होरं धरला. लगीच माणदेश्याला फोन लावून सांगितलं. 'कोण कोण व्हतं?' इचारलं त्येनं. पाची नावं घेतली. 'बरं,' म्हणाला आन ठेवला. येतो म्हणाला न्हाई.

बारीक दळल्याल्या मक्याची दोन पोती उरल्यात. नातू म्हणतो गोबरगॅसात टाकू. मी म्हणाले, हात लावू नगं. रोज त्येच्याच भाकरी करून खातीया, सुनंला वाटतंय म्हातारीला मक्याचा सोस लागला. भाकर मऊ व्हते, कड फाटत न्हाई. तीन दिसांत संपणारी न्हवं ही.

यष्टीला आजून येळ हाय, म्हणून एक सांगून टाकते. पाच जणांम्होरं म्हणाले, मला कळलं न्हाई. ते खोटं. माणदेशी मूठ धरून उभा व्हता न्हवं, त्याच घटकंला मला कळलं व्हतं की त्यो बरोबर बोलतोय. त्या तीन दिसांच्या भाकरीचा वास नाकात आला, एवढ्या वर्सांनी. पर सैल दळण कुठलंबी मशीन करतंय, आबा. तेवढं बारीक फक्त आपला दगड करतो. दगड सैल सोडला असता तर म्होरल्या म्हयन्यात नातवानं शेडवरच मशीन बसवलं असतं आन हितं परत दगडावर पोतं पडलं असतं. म्हणून आवळून ठेवला. हे पाच जणांना सांगितलं न्हाई. त्यो चारला उतरला तर त्येलाबी सांगायला जीभ उचलंल असं वाटत न्हाई. तुमाला सांगितलं, कारण तुमी कुणाला सांगत न्हाई.